नऊ नंबरची बंडी

तोरिकाला कामावर घेताना इनोके कोचने एकच अट घातली होती, की रोजच्या बंड्या रोज धुऊन मिळाल्या पाहिजेत. तोरिकाने त्याला दोन घातल्या. रविवारी धुणं होणार नाही, देवाचा दिवस तो देवाचा. आणि धुतलेल्या बंड्या ती स्वतःच्या हाताने एकेकाला देईल, कोणी ढिगात हात घालायचा नाही. कोच हसला. रग्बीच्या संघाला धुणेवाली अटी घालते हे त्याला नवीन होतं. सिंगातोकाच्या पंचक्रोशीत कोणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की बाबा, हसायचं ते आत्ताच हसून घे, पुढे संधी मिळायची नाही.

बावीस वर्षं तिने किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात चादरी धुतल्या. मग तिथे नवा मॅनेजर आला आणि इस्त्री करताना बायकांनी गायचं नाही असा त्याने हुकूम काढला, पाहुण्यांना आवाज जातो म्हणे. बाकीच्या गप्प झाल्या. तोरिकाने चर्चमधलं सगळ्यात लांबलचक भजन निवडलं आणि खड्या आवाजात सुरू केलं. भजन संपायच्या आत तिला ऑफिसात बोलावून उद्यापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. "दोन कडवी राहिली होती," ती पुढे सांगायची, "ती मी बसस्टॉपवर म्हटली."

आयुष्यात एकदाच ती गप्प बसली होती. तिचा नवरा सिरेली छत्तिसाव्या वर्षी गेला. कंबरभर पाण्यात जाळं ओढता ओढता खाली बसला आणि उठलाच नाही. तालमीतला गडी, कधी डोकं दुखलं नाही. गावचे सरदार वारल्यावर खडकाजवळचं पाणी मासेमारीला शंभर दिवस बंद ठेवलेलं होतं आणि सिरेलीचं जाळं त्या हद्दीत गेलं होतं. तेव्हा गावाने ठरवून टाकलं की बंदी मोडली, म्हणून देवाने नेला. तोरिका तेव्हा एकोणतीस वर्षांची, कडेवर वर्षाचा मानासा. तिला आठवत होतं की नवरा पायऱ्या चढताना मधेच थांबायचा, छातीवर तळहात ठेवायचा, हसून म्हणायचा, आत मासा फडफडतोय. तिने हे कोणाला सांगितलं नाही. सगळं गाव एक बोलत होतं, तिथे बाहेरून लग्न होऊन आलेल्या पोरीने तोंड कशाला उघडायचं? त्या गप्प बसण्याचा राग तिला पुढे सगळं आयुष्य पुरला. मॅनेजरवर निघाला तो त्यातलाच थोडासा.

तर बंड्या. त्या साध्या नव्हत्या. काळ्या, अंगासरशी, मागे दोन खांद्यांच्या मध्ये एक छोटा खिसा, नंबर आतून शिवलेला. त्या खिशात काड्यापेटीएवढी एक डबी बसायची, आणि खालून छातीला एक लवचिक पट्टा. पट्टा हृदयाचे ठोके मोजायचा, डबी पोरगा किती धावला, किती जोरात आपटला ते टिपायची, आणि दोघं मिळून ही सगळी खबर वाऱ्यावरून मैदानाच्या कडेच्या अँटेनाकडे धाडायची. तिथून ती रोनीलच्या टॅब्लेटवर यायची. टॅब्लेटवर तेवीस चौकोन, एकेका नंबराचा एकेक. पोरगं ठीक असलं की चौकोन हिरवा, फार दमलं की पिवळा, काही भलतं झालं की लाल. तोरिका त्या डब्यांना चहाडखोर म्हणायची. तरी धुण्याआधी प्रत्येक डबी काढून कोरड्या फडक्यात ठेवायची तीच. पट्टे ती यंत्रात टाकू द्यायची नाही. गोड्या पाण्यात हाताने चोळायची, सावलीत वाळवायची.

रोनील बा नावाच्या गावचा, तिकडे ऊसवाल्या मुलखातला. ब्रिस्बेनला जाऊन हे शास्त्र शिकून आलेला. बारीक अंगाचा, कायम घाईत, आईने दिलेल्या रोट्यांचं पुडकं दुपारपर्यंत तसंच पिशवीत. तोरिका ते काढून त्याच्यासमोर ठेवायची आणि विचारायची, "तुझ्या त्या पाटीवर भूक दिसत नाही वाटतं?" सगळी पोरं तिला नेई म्हणजे मावशी म्हणत. रोनील म्हणायचा, "नेई, भुकेचा सेन्सर अजून निघाला नाही." ती म्हणायची, "निघालाय. आई म्हणतात त्याला."

रोज सकाळी बाकावर बंड्यांच्या घड्या लावून ती उभी राहायची. पोरं रांगेने येत, मान लववून बंडी घेत, "विनाका, नेई" म्हणत आभार मानून पुढे जात. पट्टा ओला करून बांधलाय की नाही हे ती बोटाने बघायची, कारण कोरडा पट्टा ठोके पकडत नाही. चौदा नंबर वेरेमोचा. डोंगराकडच्या नाम्बिली गावचा तो पोरगा दाराएवढा रुंद, म्हणून त्याच्या बंडीची शिवण तिने दोन बोटं सोडलेली. नऊ नंबर मानासाचा. इतर पोरं तिला नेई म्हणत, हा नाऊ म्हणजे आई, पण तिचा स्वतःचा मुलगा म्हणून त्याला काही सवलत नव्हती, उलट पट्टा तपासताना चिमटा जास्तीचा मिळायचा.

मानासा आणि वेरेमो जिवाचे मित्र, आणि त्यातून ताउवू. मानासाचं वातुसेवा आणि वेरेमोचं नाम्बिली, या दोन गावांचा मूळपुरुष एकच, त्यामुळे या गावच्या माणसाने त्या गावच्या माणसाला वाटेल त्या शिव्या द्याव्यात, त्याच्या ताटातलं ओढून खावं, त्याची वस्तू उचलून न्यावी, आणि समोरच्याने चिडायचं नाही. जो चिडला तो हरला, त्याच्या गावाची शोभा झाली. मानासा वेरेमोला रानडुक्कर म्हणायचा, वेरेमो त्याला खेकड्या. वेरेमोने एकदा मानासाची चप्पल नेली ती सहा महिन्यांनी वेरेमोच्या आजोबांच्या पायात दिसली. मानासाने आजोबांना वाकून नमस्कार केला आणि गप्प घरी आला. चप्पल मागितली असती तर वातुसेवाचं नाक गेलं असतं.

त्या वर्षी फ्रान्सच्या एका क्लबाची माणसं शनिवारी सामना बघायला येणार होती. त्यांना बाजूच्या पट्ट्यात धावणारा एक, फक्त एक खेळाडू हवा होता. ती जागा संघात दोघंच खेळत, मानासा आणि वेरेमो. दोन्ही गावांत रोज संध्याकाळी प्रार्थना. वातुसेवात तर चर्चच्या छपराचे पत्रे कोणत्या रंगाचे घ्यायचे याच्यावर वाद सुरू झाला होता. म्हणजे बाजारात तुरी!

नेमक्या त्याच आठवड्यात तोरिकाची चुलत बहीण वारली. चौथ्याचा विधी होईपर्यंत थांबणं भाग होतं, म्हणून रविवारी गेलेली तोरिका बुधवारी संध्याकाळी परतली. तीन दिवस तिच्या भाचीने बंड्या यंत्रात घातल्या आणि एका मोठ्या टोपलीत टाकून बाकावर ठेवल्या. घ्या ज्याची त्याने.

गुरुवारी वाळूच्या डोंगरावर धावणं होतं. समुद्राच्या कडेचे ते उभे चढ, पाय गुडघ्यापर्यंत रुततो, चांगले चांगले तिथे ओकतात. तोरिका त्या सकाळी वाढलेलं काम उपसत होती, बंड्या टोपलीतूनच गेल्या. पाचव्या चढाला टॅब्लेटवरचा चौदा नंबरचा चौकोन लाल झाला. ठोके दोनशे छत्तीस. पोरं थांबली, बसली, पाणी प्याली, बाकीचे चौकोन हिरवे झाले, चौदाचा आकडा तसाच उड्या मारत राहिला. रोनीलने मंगळवारची नोंद काढली. तिथेही तेच. त्याने कोचला बाजूला घेतलं. ठोके बिघडलेत एवढंच सांगून वेरेमोला डॉक्टरकडे नेलं. बसल्या बसल्या काढलेला आलेख धुतल्या तांदळासारखा स्वच्छ आला, पण डॉक्टर म्हणाले, असं दुखणं बसल्यावर दिसेलच असं नाही, मोठे तज्ज्ञ पुढच्या महिन्यात येतील, तोवर धावायचं नाही. दुपारच्या ट्रकने वेरेमोला गावी धाडलं. जाताना तो दाराएवढा पोरगा ट्रकच्या मागच्या फळीवर तोंड दुसरीकडे करून बसला होता, हे तोरिकाने धुण्याच्या दगडावरून पाहिलं. तिने हाक मारली, ती ट्रकच्या घरघरीत विरली. आणि खरं सांगायचं तर, एक जागा आणि दोघांतला एक गेला, हा विचारही मनात येऊन गेला. आईच ती.

मग तिने चौदा नंबरची बंडी पाण्यात घालायला उचलली आणि तिचा हात थांबला.

बंडीला तेलाचा वास येत होता. खोबरेल, त्यात मोकोसोईची फुलं कढवलेली. ते तेल ती स्वतः घरी करायची, एकाच माणसासाठी. पट्टा काचून मानासाच्या छातीवर वळ उठायचे, म्हणून तो सकाळी चोळून यायचा. तिने पट्टा पाहिला. कडी अगदी आत सरकवलेली, वेरेमोच्या छातीला तो अर्ध्यात संपला असता. मग नऊ नंबरची हुंगली. घामाशिवाय काही नाही, आणि काखेत शिवण ताणून उसवलेली. दोन्ही बंड्या तिने न धुता बाजूला काढल्या. नळ तसाच वाहत होता.

संध्याकाळी मानासा जेवायला बसला तेव्हा तिने कसावा वाढला, मासा वाढला, आणि विचारलं, "सोमवारपासून तू कोणाची बंडी घालतोयस?"

त्याने मान वर केली नाही. वेरेमोने टोपलीतून त्याची नऊ नंबरची उचलली होती, नवी होती म्हणून. वर म्हणाला, खेकड्या, तुला काय, माझ्या जुन्या बंडीत भोक असलं तरी चालेल, तू भोकातच राहतोस. ताउवू तो, त्याला काय म्हणणार? उरली ती चौदा याने घातली. हसण्यावारी गेलं. नंबराचा आणि यंत्राचा विचार दोघांनीही केला नव्हता.

"आणि आज दुपारी? वेरेमोला ट्रकमध्ये बसवला तेव्हा केलास का विचार?"

मानासाचा घास तोंडातच राहिला. म्हणजे केला होता.

"आत काय होतं तुला?" तिने विचारलं.

त्याने ताट बाजूला सारलं. मग तळहात छातीवर ठेवून म्हणाला, "मासा फडफडल्यासारखं होतं, नाऊ. थांबलं की जातं. खूप दिवसांचं आहे." आणि एकदम हात जोडल्यासारखे करून, "फक्त शनिवार. शनिवार झाला की मी स्वतः सांगतो. वेरेमोला काही झालेलंच नाही, तो पुढच्या वर्षी जाईल. एक शनिवार, नाऊ."

मासा हा शब्द या पोराला कोणी शिकवला नव्हता. बाप गेला तेव्हा तो वर्षाचा होता. तोरिका उठली, ताट उचललं, आणि बाहेर गेली. तिला ओरडायचं होतं, पण कोणावर ते कळेना.

शुक्रवारी उजाडताच तिचा थोरला दीर वातिसोनी दारात हजर. मानासाने काकाला सांगितलं होतं. वातिसोनी गावचा कारभारी, आवाज मऊ, शब्द मोजके, आणि त्याचं म्हणणं गावाने मोडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तो चटईवर बसला, तोरिका रीतीप्रमाणे दाराशी खाली बसली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "मूठ उघडणारी आई असू नये. एक सामना आहे. पोरगं लहानपणापासून धावतंय, काही झालंय का त्याला?"

"त्याच्या बापालाही काही झालं नव्हतं. मरेपर्यंत."

"सिरेलीने बंदी मोडली. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत होतं म्हणूनच मी गप्प बसले, बावीस वर्षं," तोरिका म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मान वर होती, आणि थोरल्या दिरासमोर या घरात ती मान पूर्वी कधी वर झालेली नव्हती. "त्याला देवाने नेलं नाही. त्याचं काळीज आजारी होतं, मला ठाऊक होतं, मी बोलले नाही. एक माणूस मी तुमच्या बोलण्यावर पुरला. दुसरा देणार नाही."

वातिसोनी उठताना एवढंच म्हणाला, की मग या गावात तू कोणाच्या चटईवर बसतेस ते बघू. ती म्हणाली, माझी स्वतःची आहे, मीच विणलीय. आणि सहाची बस पकडून मैदानावर आली.

शुक्रवार विश्रांतीचा. पोरं सावलीत पडलेली, कोणी पाय चोळून घेतंय, कोणी पत्ते कुटतंय. रोनील अँटेना लावून डब्या तपासत होता. कोच त्याच्या शेजारी. तोरिकाने दोन्ही बंड्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं, तेल, कडी, उसवलेली शिवण. रोनीलचा चेहरा उतरला. कोचचा लाल झाला. त्यालाही शनिवार होता. त्याचा एक पोरगा फ्रान्सला गेला असता तर त्याचंही नाव झालं असतं, आणि त्याच्या लेखी उरलेला एकच पोरगा ही बाई कापायला निघाली होती.

"वासावर संघ निवडायचा का आता?" तो म्हणाला. "यंत्र म्हणतं चौदा म्हणजे वेरेमो. यंत्र खोटं बोलत नाही."

"यंत्र खोटं बोलत नाही, पण नावं त्याला तुम्ही सांगितलीत."

कोचने मानासाला हाक मारली. तो आला. सगळी पोरं मान वळवून बघत होती. कोचने विचारलं, कोणत्या नंबराची घातली होतीस? मानासाने आईकडे पाहिलं नाही. वाळूकडे बघत म्हणाला, "नऊ."

रोनीलने वेरेमोला फोन लावून पाहिला, नाम्बिलीत फोन लागतच नाही. कोच म्हणाला, झालं तर मग, सोमवारी बघू. तोरिकाने बाकावरची नऊ नंबरची बंडी, तिची डबी आणि पट्टा उचलला आणि धुण्याच्या खोलीकडे निघून गेली. कोचला वाटलं, गेली. ती कोणासमोरून अशी गेल्याचं कोणीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे ओळखणाऱ्यांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

वीसेक मिनिटं झाली. रोनीलच्या टॅब्लेटवरचा नऊचा चौकोन जागा झाला. त्याने आधी दुर्लक्ष केलं, मग बारकाईने पाहिलं. ठोके एकशे दहा. एकशे तीस. नंबर हलत होता. मैदानाबाहेर पडला, वाळूच्या डोंगराकडे गेला. एकशे सत्तावन्न. चौकोनावर नाव होतं मानासाचं.

"आज डोंगरावर कोणी पाठवलं त्याला?" कोच ओरडला. "उद्या सामना आहे, पाय मोडून घ्यायचेत का?"

"कोणाला?" मानासा म्हणाला. तो तीन हातांच्या अंतरावर उभा होता, हातात अर्धं खाल्लेलं केळं.

मग सगळ्यांनी वर बघितलं. पहिल्या चढाच्या मध्यावर, फुलाफुलांचा लांब झगा एका हाताने गुडघ्यापर्यंत उचलून, एक्कावन्न वर्षांची जाडजूड तोरिका वर चढत होती. एक पाऊल वर, अर्धं खाली. थांबत होती, श्वास घेत होती, पुन्हा चढत होती. झग्यावरून, कसाबसा ताणून, नऊ नंबरची काळी बंडी. टॅब्लेट सांगत होता की मानासाचे ठोके एकशे बासष्ट आहेत, वेग मात्र कासवाचा. एक पोरगा फिसकन हसला. मग कोणीच हसलं नाही.

ती वर पोचली, वळली आणि तिथून ओरडली. वारा खालच्या दिशेने होता, प्रत्येक शब्द आला. "काय म्हणतंय तुमचं यंत्र? मी कोण आहे म्हणतंय?"

बोलला तो रोनील, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोचकडे न बघता. त्याने पेटीतून एकवीस नंबरचा संच काढला, जो कोणाच्याच नावावर नव्हता, आणि तो मानासापुढे धरला. "घाल. धावायचं नाही. चालत चढ. मी सांगितलं की थांबायचं, तिथल्या तिथे."

मानासाने तो ओढूनच घेतला. आईचं हे सोंग सगळ्या संघापुढे झालं होतं. पट्टा बांधला आणि निघाला. चालत म्हटलं होतं, पण चाळीस पावलं गेली आणि त्याचे पाय आपोआप पळायला लागले. जन्मभर तेच केलेलं. एकशे ऐंशी. एकशे नव्वद. कोच पुटपुटला, बघा, काही नाही. आणि त्याच दमात आकडा दोनशे एकतीसवर गेला आणि चौकोन लाल झाला.

"थांब," रोनील किंचाळला. "मानासा, बस खाली."

तोरिकाला वरून आकडा दिसत नव्हता. तिला दिसलं ते एवढंच, की मुलगा मध्यावर थांबला आणि त्याचा तळहात छातीवर गेला. अगदी त्याच्या बापासारखा. ती उतरली नाही, घसरत आली, झगा, बंडी, वाळू सगळं एकत्र. त्याच्या शेजारी बसली. त्याने तिचा हात झटकला. तिने पुन्हा ठेवला. सात मिनिटं दोघं तसेच बसले होते, तोवर आकडा खाली आला नाही. सातही मिनिटं रोनील मोठ्याने आकडे वाचत होता, आणि कोच टोपी काढून उभा होता.

दुपारचा ट्रक नाम्बिलीला गेला आणि वेरेमोला घेऊन आला. शनिवारी तो खेळला. तीनदा गोलरेषा पार केली, आणि फ्रान्सच्या माणसांनी नाव लिहून घेतलं. मानासाला सुवाच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे दोन दिवस यंत्रं लावून मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, की हे जन्माचं आहे, बापाकडूनच आलेलं असणार. औषध घेऊन म्हातारा होशील, पण रग्बी संपली. आणखी एक-दोन सामन्यांत काय झालं असतं ते मी सांगायला नको, असंही म्हणाले.

वातुसेवाने आपला शब्द पाळला. रविवारी चर्चमध्ये तोरिका बसली त्या बाकावरून बायका एकेक करून उठल्या. ती सगळ्यात पुढच्या बाकावर जाऊन बसली, म्हणजे उठणाऱ्यांना निदान पाठ तरी नीट दिसावी, आणि भजनाची सगळी कडवी म्हटली. रात्री गाव यंगोना प्यायला एकत्र बसायचं, त्या वाटीला तिच्या घराला बोलावणं आलं नाही. त्याचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते एकाच गोष्टीचं. मानासा तिच्याशी बोलत नव्हता. हॉस्पिटलातून आला, जेवला, झोपला, उठला, शब्द नाही. त्याने बूट भिंतीच्या खिळ्याला टांगले होते आणि त्यांच्याकडे तोंड करून तो पडून राहायचा.

रोनील एकदा रोट्या घेऊन घरी आला. बाहेर पायरीवर बसून म्हणाला, "नेई, राग जाईल त्याचा."

"नाही गेला तरी चालेल," तोरिका म्हणाली. "रागवायला माणूस जिवंत लागतो." मग डोळे पुसून म्हणाली, की त्या यंत्रात नावं घालताना यापुढे मला विचारत जा.

नवव्या दिवशी वेरेमो आला. परवा तो विमानात बसणार होता. गावातल्या लोकांनी दारं लोटून घेतली, आता हा माफी मागेल, रडेल, तमाशा होईल. वेरेमोने माफीबिफी मागितली नाही. तो चपला घालूनच आत शिरला, चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं, उभ्या उभ्या नारळाच्या दुधातला कसावा हाताने खायला लागला. अर्धं पातेलं संपवलं. तोरिका कोपऱ्यात उभी राहून बघत होती. ताउवूचा हक्क तो. ज्याच्याशी वैर आलं त्याच्या घरचं असं कोणी खात नाही.

मग हात कमरेला गुंडाळलेल्या सुलूला पुसत वेरेमो भिंतीपाशी गेला, आणि खिळ्यावरचे मानासाचे बूट काढून काखेत मारले.

मानासा अंथरुणावर उठून बसला. त्याच्या कानशिलाची शीर उडत होती. चिडला तर हरला, वातुसेवाची शोभा. गप्प राहिला तर बूट जातील, त्याच्याशिवाय, फ्रान्सला. तोरिकाच्या मनात आलं, की पुरे, मीच सांगते याला ठेव म्हणून. पण आयुष्यात दुसऱ्यांदा ती गप्प राहिली, कारण या वेळी बोलायचं तिचं नव्हतं.

"ते तुला होणार नाहीत," मानासा म्हणाला. घसा बसलेला, नऊ दिवस न वापरलेला. "फणसासारखे पाय तुझे. रानडुकरा."

"नाही झाले तर गळ्यात घालीन, खेकड्या," वेरेमो म्हणाला. "तिथे कोण मला विचारणार आहे? बूट धावले की झालं."

मानासा हसला की रडला ते त्या दोघांनाच ठाऊक. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो थोडा वेळ तसाच बसला. मग हात काढले, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा आईकडे बघितलं.

"नाऊ," तो म्हणाला, "उरलेला पण वाढ याला. आणि मला पण."